तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मला पोहता येत नाही

"ड्युएथलॉन? म्हणजे पोहता न येणाऱ्यांचं ट्रायथलॉन ना?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच तो मला ऐकू येतो. धावणारे विचारतात, सायकलवाले विचारतात, ज्यांनी आयुष्यात बस पकडायलासुद्धा धाव घेतलेली नाही तेही विचारतात. इतके दिवस "हो, तसंच काहीतरी" म्हणून हसून वेळ मारून नेली. आज एकदाच काय ते सांगून टाकते.

आधी कबुली. मला पोहता येत नाही. पाय टेकतात तोवर मी पाण्यात मजेत असते. टेकेनासे झाले की जे काही करते त्याला पोहणं म्हणत नाहीत. ड्युएथलॉनला नाव नोंदवताना हे डोक्यात नव्हतंच, असं म्हणाले तर तुमचा विश्वास बसणार नाही आणि बसूही नये. होतं डोक्यात. पण त्यावरून हे सोपं आहे असं तुम्ही कसं ठरवलंत?

जरा हिशेब करा. ट्रायथलॉनमध्ये पोहणं, मग सायकल, मग धावणं. म्हणजे पहिला टप्पा बराचसा खांद्यांवर आणि हातांवर निघतो. ड्युएथलॉनमध्ये पोहण्याच्या जागीसुद्धा धावणंच असतं. धावा, सायकल चालवा, परत धावा. पायांना कुठे सुट्टीच नाही. स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगेनला १९८९ पासून पॉवरमॅन नावाची ड्युएथलॉन स्पर्धा भरते, तिथे १० किलोमीटर धावून १५० किलोमीटर सायकल मारायची आणि त्यावर पुन्हा ३० किलोमीटर धावायचं. ती मंडळी काय पाण्याला घाबरून तिथे जातात? ट्रायथलॉनला २००० साली सिडनीत ऑलिंपिकचं दार उघडलं, ड्युएथलॉन अजून बाहेरच उभं आहे, म्हणून ते धाकटं, एवढंच तुमचं गणित.

असो. चिडचिड बाजूला ठेवते, कारण माझी स्पर्धा काही झोफिंगेनची नव्हती. स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची होती: ५ किलोमीटर धावणं, २० सायकल, शेवटी अडीच किलोमीटर धावणं. अडीच! हाफ मॅरेथॉन पळणारी बाई मी. अडीच किलोमीटर तर मी वॉर्मअपला पळते. तेव्हाची मी हे अगदी याच सुरात सांगत फिरत होते. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव करतात, त्याला ब्रिक म्हणतात, तो करून बघ असं सांगणारे भेटले होते. मी केला नाही. तेव्हाच्या मला आजही वाटतं की तिचं फार काही चुकलं नव्हतं, कारण धावणं तिला येतच होतं. आजच्या मला तसं वाटत नाही. या दोघींचं अजून पटलेलं नाही.

पहिले ५ छान गेले. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे धावणं संपवून सायकल घ्यायच्या जागेत आले. नियम असा की हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय रॅकवरच्या सायकलला हात लावायचा नाही. घरी डोळे मिटून लागणारा तो पट्टा हनुवटीखाली घामानं निसटत होता, मार्शल माझ्याकडे बघत होते आणि धावताना मी मागे टाकलेले दोघं-तिघं तेवढ्यात सायकल घेऊन निघूनही गेले. पट्टा एकदाचा टक् करून लागला. मग सायकल ढकलत माउंट लाइनपर्यंत पळत जायचं आणि ती ओलांडल्यावरच वर बसायचं. सायकलच्या टप्प्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. कुणाच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, अंतर ठेवायचं, आणि आपल्यासारख्या धावणाऱ्यांनी लोकांना पुढे जाताना निमूट बघायचं.

मग उतरले, सायकल रॅकला लावली, हेल्मेट काढलं आणि धावायला लागले. म्हणजे तसं मला वाटलं. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर एकदम उठावं तसे पाय झाले होते, फक्त मुंग्या नव्हत्या, नुसतं वजन होतं. इतका वेळ कमरेत वाकून नुसत्या मांड्यांनी रेटत होते; आता सरळ उभं राहून प्रत्येक पावलाला अख्खं अंग उचलायचं होतं, आणि कंबर सरळ व्हायला तयार नव्हती. घड्याळात पेस, म्हणजे धावण्याचा वेग बघितला आणि परत बघायचा नाही असं ठरवलं. पहिलं वळण घेतलं तोच उजव्या मांडीत गोळा आला. साधा नाही, हाताला कडक लागणारा. मी कडेच्या बॅरिकेडला धरून उभी राहिले. पाय वाकवला तर मांडी सुटेना, सरळ केला तर पोटरी धरायला लागली.

तिथे एक स्वयंसेवक होता, कॉलेजातला असावा. तो अगदी आपुलकीनं म्हणाला, "काकू, बसताय का? खुर्ची आणतो."

अडीच किलोमीटरच्या टप्प्यात खुर्ची! एवढं वाईट मला कुठल्याच हाफमध्ये वाटलं नव्हतं. मी त्याच्यावर जवळजवळ खेकसलेच, "नको!" आणि लंगडत निघाले. पुढे हे सगळ्यांना सांगताना मी त्यात जिद्द वगैरे घालते. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मला बसायचं होतं. मनापासून. त्यानं आधीच खुर्ची आणून ठेवली असती तर मी बसले असते, आणि बहुतेक उठले नसते. विचारलं म्हणून नाही म्हणावं लागलं.

थोडं चालत, थोडं पळत शेवटची रेघ ओलांडली. मेडल मिळालं. फोटोत मी हसतेय.

तेव्हा सोपं होतं का? नाही. ट्रायथलॉनपेक्षा अवघड होतं का? ते मी कशाच्या जोरावर सांगू, ट्रायथलॉन केलंय कुठे? तुमच्यापैकीही बहुतेकांनी केलेलं नाही, हेही लक्षात असू द्या. पुढच्या वेळी १० धावणं, ४० सायकल, ५ धावणं असं करायचं मनात आहे आणि या वेळी ब्रिकही करतेय, कुरकुरत.

आता पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: पोहण्याचा क्लास लावला का? लावलाय. त्याचा ट्रायथलॉनशी संबंध आहे की नाही हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही, तेव्हा कृपा करून तुम्ही ठरवू नका.