आमची वाटचाल: फोटो आधी लहान, मग अपलोड

कोल्हापुरात पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी आमची कंपनी छोटीच. ठेवी, वसुली, सोनेतारण, दिवसअखेरचा ताळा, असं सगळं आकड्यांचं काम. फोटो म्हणजे सभासदाचा पासपोर्ट साइझ, एवढाच संबंध. मग संस्थांना दागिन्यांचे, तारण जमिनीचे, सातबाऱ्याचे फोटो मोबाइलवरूनच चढवायचे होते, आणि आमचं काम भलतीकडेच वळलं.

गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या शाखांत पावसाळ्यात नेट जेमतेम. 12 मेगापिक्सेलचा एक फोटो तीन-चार एमबीचा. अपलोड मध्येच तुटायचा आणि कर्जदार काउंटरवर ताटकळायचा. ‘सर्व्हर मोठा घ्या,’ असं बरेच जण म्हणाले. पण अडत होतं ते फोन ते सर्व्हर या वाटेवर. पोचल्यावर फोटो लहान करून काय उपयोग? म्हणून ते काम ब्राउझरमध्येच आणलं.

मुख्य कोड किरकोळ आहे. 4000 बाय 3000 चा फोटो कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेवर, 1600 बाय 1200 मध्ये उतरवायचा आणि 0.8 क्वालिटीचा जेपेग करून घ्यायचा. पिक्सेल 16 टक्केच उरतात. घाम काढला तो बाकीच्या गोष्टींनी. असा एक मूळ फोटो उघडला की मेमरीत 48 एमबी जागा खातो. स्वस्तातल्या फोनवर दहा फोटो एकदम निवडले की टॅबच बंद. आता एकेकच घेतो. जुन्या आयफोनवर कॅनव्हास 1,67,77,216 पिक्सेलच्या पुढे गेला की कोरा. वेबपी, म्हणजे जेपेगपेक्षा हलका फोटोचा प्रकार, हवं होतं, पण आयफोनच्या सफारी ब्राउझरचा कॅनव्हास वेबपी मागितलं तरी पीएनजी देत होता, तो मूळ फोटोपेक्षाही जड. म्हणून जेपेगच ठेवलं. 2020 च्या सुमारास ब्राउझर फोन आडवा धरून काढलेले फोटो आपणहून सरळ करू लागले, तेव्हा आमचा फिरवायचा कोडही काढावा लागला.

कॅनव्हासमधून निघालेल्या फोटोत एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत फाइलमध्ये नोंदलेली माहिती, उरत नाही. वेळ आणि जीपीएस दोन्ही गेले. दागिन्याच्या फोटोला हे बरंच, फोटो कुठे काढला ते सोबत जात नाही. जमिनीच्या पाहणीत मात्र संस्थेला नेमकं तेच हवं असतं. तिथे ती माहिती आधी वाचून वेगळी पाठवतो.

सातबाऱ्यावर आमचं आणि एका मॅनेजरसाहेबांचं चांगलंच वाजलं. त्यांना सगळं 50 केबीत हवं होतं. जेपेग जास्त दाबला की बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात, आणि गट नंबरातला 3 की 8 हे न कळणारा उतारा वसुलीच्या दाव्यात काय कामाचा? कागदांना आम्ही लांब बाजू 2400 पिक्सेल ठेवली, रंग काढून टाकले. साहेब अजून कुरकुरतात.

सध्या पीडीएफची मागणी आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या आतही फोटोच असतात, पण ती सोडवून पुन्हा बांधणं साध्या फोनला जड जातं. तोवर शाखांना सांगतो, स्कॅन नको, कागदाचा थेट फोटो काढा.