कॉम्प कार्ड छापायला टाकण्याआधी

कॉम्प कार्ड म्हणजे मॉडेल किंवा कलाकाराचे निवडक फोटो आणि माहिती असलेलं कार्ड. जाहिरातीच्या कास्टिंगला, म्हणजे कलाकार निवडताना, दोनशे फोटोंचा पोर्टफोलिओ कुणी उघडत नाही. दोन्ही बाजूंनी छापलेलं एक ए-५ कार्ड बघायचं, मग समोरच्या माणसाकडे बघायचं. दोन्ही चेहरे जुळले पाहिजेत. म्हणून त्वचा गुळगुळीत करून घेणं हा सगळ्यात महागात पडणारा हट्ट. तीळ, चष्म्याचा वण, कानशिलावरचे पांढरे केस राहू द्या. जाहिरातीत बाबा, शिक्षिका, बँकेतला साहेब हवा असतो आणि तो असाच दिसतो.

कार्डाच्या पुढे एकच हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा जवळून घेतलेला फोटो, आणि नाव. मागे तीन-चार फोटो: एक पूर्ण उंचीचा, एक ऑफिसच्या कपड्यांतला, एक घरगुती, एक मनापासून हसणारा. नऊवारी-नथीचा फोटो अनेकींना हवाच असतो. ठेवा की, पण मागे. पुढे टाकलात तर तुमची आठवण फक्त गणपती-दिवाळीलाच व्हायची.

मोबाइलवर हेडशॉट काढणाऱ्याने दीड-दोन मीटर मागे सरकून २एक्स लेन्स वापरावी. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे जातात. सकाळची, ऊन न आलेली गॅलरी उत्तम. जवळ हिरवी भिंत मात्र नको, तिची झाक हनुवटीखाली उतरते.

मजकुरात उंची, मापं, बुटाचा नंबर, येणाऱ्या भाषा. अभिनयासाठी खऱ्या वयाऐवजी ‘२८ ते ३५’ असं दिसणारं वय. घरचा पत्ता नको. उंची वाढवून लिहिलीत तर जाहिरातीतल्या जोडीदाराशेजारी उभं केल्यावर कळतेच.

घोळ होतो तो छपाईत. ए-५ म्हणजे १४८ बाय २१० मिमी. चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरून फाइल १५४ बाय २१६, ३०० डीपीआय. १२ बाय १८ इंची शीटची रुंदी ३०५ मिमी आणि दोन कार्डं शेजारी लावली की ३०८. मग ऑपरेटर न विचारता फाइल लहान करून ९६ टक्क्यांवर आणतो, आणि कापल्यावर वर-खाली पांढरी रेघ उरते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छापा की कोथरूडला, १३ बाय १९ ची शीट आहे का ते आधी विचारा. तिच्यावर चार कार्डं नीट बसतात.

स्क्रीनवर गव्हाळ असलेला चेहरा छापल्यावर लालसर आला, तर मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी शाई, जास्त झालाय. त्वचेत पिवळा त्याहून किंचित वर ठेवा. एकच कार्ड आधी काढून दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नव्हे. कागद जाड, ३०० जीएसएमचा, वर मॅट म्हणजे न चमकणारं लॅमिनेशन. ग्लॉसीवर दिव्याचा चमकारा नेमका चेहऱ्यावर येतो. पन्नासच छापा. दाढी ठेवली किंवा केस कापले की गठ्ठा रद्दीत.

मुंबईच्या कास्टिंगवाल्यांना पाठवायची फाइल वेगळी करा: आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतली) जेपीईजी, कारण सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या फाइलचे रंग फोनवर भलतेच दिसू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव, उंची आणि ‘पुणे’ लिहा.