टूटिंग ग्रॅनडाचं छत

"दगडात काय कोरीव काम केलंय!" लंडनच्या टूटिंग ग्रॅनडा थिएटरचा आतला फोटो बघून आज एकजण सहज बोलून गेला. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

कारण ती नक्षी दगडाची नाहीच. १९३१ सालचं हे थिएटर. इमारत सेसिल मेसी यांची, आतली गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीची) सजावट रशियन नाट्यदिग्दर्शक थिओडोर कोमिसारजेव्हस्की यांची. अशी नक्षी प्लॅस्टरची असते. साच्यात प्लॅस्टरचा पातळ थर द्यायचा, त्यावर तागाचं कापड, लाकडी पट्ट्या, पुन्हा प्लॅस्टर. सुकलेला तुकडा वर टांगायचा, सांधे बुजवायचे, मग रंग.

जीव असतो तो टांगण्यात. वरच्या सांगाड्याला हे तुकडे बऱ्याचदा प्लॅस्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्या गुंडाळ्यांनीच बांधलेले असतात. पन्हळ तुंबली, पाणी झिरपलं की ताग कुजतो. खालून मात्र छत अगदी ठणठणीत दिसतं! २०१३ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्याच अपोलो नाट्यगृहाच्या छताचा भाग चालू प्रयोगात कोसळला, तो हे जुने बांध कमजोर झाल्यामुळेच. म्हणून तपासणी छताच्या वर चढूनच करायची, एकेक बांध हाताने चाचपून. आणि त्याआधी पन्हळी साफ.

ग्रॅनडातला सिनेमा १९७३ ला बंद पडला, पुढे तिथे बिंगो, म्हणजे पैसे लावून खेळायचा आकड्यांचा खेळ, आला. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. वास्तू वापरात राहिली म्हणून तिच्याकडे लक्ष राहिलं. आज ती ब्रिटनच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे.