मनाली ते सिस्सू: जानेवारीतल्या बर्फातला रस्ता

मनालीहून साडेआठला निघालो तेव्हा गावात नुसता चिखल होता. पलचानच्या पुढे कडेला फूटभर बर्फ आणि सोलंग ओलांडलं की चाकाखालीही पांढरा थर. लाहौल खोऱ्यातलं सिस्सू जेमतेम 40 किलोमीटर, पण पश्चिमी विक्षोभानंतरच्या (हिवाळ्यात इथे बर्फ आणणारी हवामान प्रणाली) दोन-तीन दिवसांत हे अंतर धरून वेळ ठरवू नका.

ताज्या भुसभुशीत बर्फात गाडी चालते. घात होतो तो सोलंग ते धुंदी या चढावर, दुपारनंतर. उन्हाने वरचा थर वितळतो, शेकडो टायर त्याला दाबून गुळगुळीत करतात आणि डोंगराची सावली पडली की तेच पाणी काचेसारखं गोठतं. खालचं डांबर स्वच्छ दिसतं, म्हणून ड्रायव्हर ब्रेक मारतो आणि गाडी आडवी होते. मग मागची रांग तिथेच अडकते. 27 डिसेंबर 2024 ला सोलंग नाल्यात बर्फामुळे सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पाचेक हजार पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. त्यामुळे सिस्सूहून उशिरात उशिरा दीडला परत फिरा.

पुण्या-मुंबईहून आणलेली गाडी मनालीतच ठेवा आणि तिथली फोर बाय फोर करा. मात्र फोर बाय फोर चढ चढवते, उतारावर थांबवत नाही. उतरताना पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर 'एल' (लो), आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. घसरलीच तर दोन्ही पेडलवरून पाय काढा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग हळू वळवा.

बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर लावायची साखळी निघण्याआधी हॉटेलच्या पार्किंगमध्येच एकदा चढवून बघा. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच ती लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. आधी जमिनीवर पसरून पीळ काढा, आतला हूक अडकवा, मग बाहेरचा. शंभरेक मीटर चालवून थांबा आणि पुन्हा आवळा. पहिल्यांदा ती कधीच पुरती बसत नाही. वेग 30 च्या आत. लोकरीचे हातमोजे लगेच भिजतात, रबरी तळव्याचे घ्या.

मनालीकडून लाहौलमध्ये नेणारा अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, आतला रस्ता कोरडा. साखळी तशीच ठेवली तर तुटते आणि टायरही खाते, म्हणून मनालीकडच्या दक्षिण तोंडाआधी सुरक्षित जागा बघून काढा. आत थांबायला मनाई आहे. उत्तर तोंडातून बाहेर पडताना वेग आधीच 20 वर आणा, कारण तिथे वारा असतो आणि कोरड्या रस्त्यावरून गाडी एकदम बर्फावर येते.

लाहौलमध्ये मुक्काम असेल तर पेट्रोलची गाडी बरी. मैदानातलं डिझेल कडाक्यात घट्ट होऊन फिल्टर चोंदतं. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा आणि वायपर उभे करा.

अडकलात तर सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ आधी उकरा. तो तुंबला तर धूर गाडीत शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा, तेही काच बोटभर उघडी ठेवून. हॉटेलातही कोळशाची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका. ब्लँकेट जास्तीचं मागून घ्या.