छोट्या घोड्याची टाच

मिनिएचर घोडा लंगडतोय म्हटलं की लगेच पाय उचलायला जाऊ नका. आधी सपाट जमिनीवर उभा करा, खाली बसा आणि बाजूने खूर बघा. खुराच्या पुढच्या भिंतीचा तिरकेपणा आणि तिच्या वरच्या हाडाचा तिरकेपणा एका रेषेत हवा. मुंबईतल्या बहुतेक छोट्या घोड्यांत तो नसतो. टाच, म्हणजे खुराचा मागचा भाग, इतकी वाढलेली असते की खूर पेल्यासारखा उभा दिसतो.

टाच कापायची राहून जाते ती नालबंद ज्या उंचीवर पाय धरतो त्यामुळे. त्याचा हात रेसच्या घोड्यांवर बसलेला, आणि हा घोडा खांद्याशी जेमतेम ३४ इंच. नालबंद सवयीने वाकतो आणि पाय आपल्या गुडघ्यापर्यंत वर, बाहेरच्या बाजूला ओढतो. मागच्या पायाच्या वरच्या सांध्याला ते सोसत नाही. या जातीत तिथली गुडघ्याची वाटी अडकण्याचा दोष आधीच जास्त दिसतो. अडकली की पाय मागे ताठ राहतो. घोडा झटका देतो, नालबंद पुढचं टोक घाईने कापून मोकळा होतो, टाच तशीच राहते. त्याला बुटक्या पाटावर बसवा. पाय जमिनीपासून वीतभरच, पोटाखालीच उचलायचा. मधे दोनदा खाली ठेवू द्यायचा.

कानस टाचेपासून सुरू करावी. तळव्यातला मऊ त्रिकोण मागे जिथे सर्वांत रुंद असतो, साधारण तिथवर टाच खाली आणायची. पुढचं टोक नंतर. तळवा मात्र चाकूने पातळ करू नये. अंगठ्याने दाबल्यावर दबला तर आधीच जास्त निघालाय. कित्येक महिने राहून गेलेली टाच एका दिवसात उतरवली तर मागच्या स्नायुबंधावर ताण येतो. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा घ्या. नंतर दर सहा ते आठ आठवड्यांनी.

पावसाळ्यात हा हिशेब बिघडतो. रेसचे घोडे पुण्याला हलतात, त्यांच्याबरोबर नालबंदही. इकडे ओल्या तबेल्यात त्रिकोणाच्या खाचा काळ्या पडून कुजतात, वास सुटतो. रोज खाचा कोरून कोरड्या करा, पोव्हिडोन आयोडिन लावा, खाली कोरडा भुसा टाका. जूनच्या आधीच तारीख ठरवून घ्या, ही कळकळीची विनंती.

एकच पाय अचानक टेकवेनासा झाला, तर बहुधा खुरात पू असतो. पण दोन्ही पुढचे पाय गरम, घोट्यामागे नाडी जोरात उडतेय, घोडा मागे रेलून उभा, वळताना कष्टी, तर तो बहुधा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांची सूज. तेव्हा कानस लांब ठेवा. खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली जाड मऊ बिछाना घाला, पशुवैद्याला बोलवा आणि एक्स-रे काढून घ्या. वेदनाशामक स्वतः देऊ नका. ऐंशी-नव्वद किलोच्या जनावराला मोठ्या घोड्याचा डोस जीवघेणा ठरतो.

लॅमिनायटिसचं मूळ बहुतेकदा चंदीत (दाण्याच्या खुराकात) आणि पाहुण्यांनी भरवलेल्या गुळात, केळ्यांत असतं. ते पूर्ण बंद. पण उपाशी ठेवायचं नाही: एकदम उपासाने या घोड्यांच्या रक्तात चरबी उतरते आणि ते दगावू शकतात. नव्वद किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे १.३५ किलो सुकं गवत, चार-पाच वेळा विभागून. अर्धा-एक तास भिजवून पाणी फेकून दिलं की साखर कमी होते. जास्त वेळ ठेवलं तर इथल्या उकाड्यात आंबतं.