दारावरचा खडू

पोलिओची मोहीम झाली, की ठाण्यातल्या आमच्या इमारतीत कोणीतरी तक्रार करतेच, की नव्याने रंगवलेल्या दारावर खडूने 'पी' लिहून ठेवला. घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', पुन्हा यावे लागणार असेल तर फुली. घरात त्याने काडीचाही फरक पडत नाही; फरक पडतो तो मागाहून जिना चढणाऱ्या माणसाला.

यंदा पावसात येऊरच्या पायथ्याशी एका डबक्यात बेडकाची अंडी दिसली, भिजलेल्या साबुदाण्यासारखी, दाण्यादाण्यात मोहरीएवढा काळा ठिपका, आणि मला तो खडू आठवला.

प्रयोगशाळांत अभ्यास होतो तो झेनोपस या आफ्रिकी बेडकाचा. बारा विभाजने होऊन सुमारे ४००० पेशी होईपर्यंत त्याचा गर्भ स्वतःची जनुके जवळजवळ वाचतच नाही. आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर, म्हणजे आयत्या आरएनएवर आणि प्रथिनांवर, त्याचे भागते. पुढे कोणते जनुक वाचायचे, हे ठरवण्यात डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणांचा मोठा वाटा असतो. एच-३ नावाच्या हिस्टोनच्या साखळीत चौथ्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे, असले, तर साधारणपणे जनुक खुले. तेच तीन गट सत्ताविसाव्या जागच्या लायसिनवर असले, तर बंद. खडू तोच, जागा निराळी. या खुणांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून तेवढेच डीएनएचे तुकडे वेचून वाचले, की सबंध जनुकसंचात कोणत्या दारावर काय लिहिले आहे ते कळते. त्यासाठी आधी दारांची यादी, म्हणजे त्या जातीच्या सबंध डीएनएचा वाचलेला क्रम, हवी. झेनोपसच्या ट्रॉपिकॅलिस या जातीची ती २०१० मध्ये हाती आली, आणि दोन पूर्वज जातींचे गुणसूत्रसंच एकत्र नांदवणाऱ्या लेव्हिस या दुसऱ्या जातीची यायला २०१६ उजाडले.

मला खरी गंमत वाटते ती याची, की विषारी अळंब्यातल्या एका द्रव्याने गर्भाचे स्वतःचे वाचन रोखून धरले, तरी यांतल्या पुष्कळशा खुणा जागच्या जागी उमटतात, कारण त्या उमटवण्याची तजवीज आईने अंड्यातच केलेली असते. म्हणजे तिने नुसता डबा दिलेला नसतो, कोणत्या स्टेशनला उतरायचे तेही बजावलेले असते.

या खुणा पुसताही येतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक अंड्यात घातले आणि त्यातून नवे जीव वाढवून दाखवले, पण बहुतेक प्रयत्न फसले, कारण जुना हिशेब सहजी जात नाही. आमच्या दारावरचा 'पी' ओल्या फडक्याने दोनदा पुसला, तरी सकाळचे ऊन तिरके पडले की दिसतोच.