बारा कप्पे, सहा-सहाचे दोन गट: फोंड्यातल्या डिस्क-पेटीची नोंदवही

जून, पहिला आठवडा

मागच्या पावसाळ्यात ध्वनिमुद्रणं साठवायची माझी चार डिस्कची जुनी पेटी बसली, तेव्हापासून नवी बांधायचं मनात होतं. या जूनमध्ये मुहूर्त लागला. बारा कप्प्यांचं कॅबिनेट जोडून झालंय, डिस्क मात्र अजून एकही घेतलेली नाही. आधी एक प्रश्न सोडवायचा होता: या बारा कप्प्यांचे गट कसे पाडायचे? एकदा पूल, म्हणजे सगळ्या गटांची मिळून एक साठवण, तयार केला की कॅबिनेट, पंखे, रॅम सगळं बदलता येतं, पण गटाची पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करायला किती डिस्कइतकी जादा माहिती ठेवायची ते, बदलता येत नाही.

जुनी पेटी म्हणजे ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने जोडलेलं रेड-५, म्हणजे एका पॅरिटीची मांडणी. एक डिस्क गेली. नवी लावून रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा बांधणं) सुरू केला आणि ७१ टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, वाचता येईनात. ती डिस्कही बाहेर पडली आणि चारही डिस्कचा मिळून झालेला अ‍ॅरे थांबला. खराब डिस्कवरून वाचता येईल तेवढं उतरवून घेणाऱ्या डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढून अ‍ॅरे जबरदस्तीने जोडला, तेव्हा जवळजवळ सगळं परत मिळालं. जे मिळालं नाही, त्यात आमच्या देवळातल्या १९८६ सालच्या उत्सवी नाटकाचा तिसरा अंक होता. एका जागी चाळीस सेकंद नुसती शांतता. त्या नाटकात बाबांनी काम केलं होतं. मूळ कॅसेटला तोवर बुरशी धरली होती, त्यामुळे पुन्हा उतरवून घ्यायचा मार्गही उरला नव्हता. आई एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी नीट बांध हं."

म्हणून या वेळी आकडेमोड आधी.

घरच्या वापराच्या बऱ्याच डिस्कच्या तपशीलपत्रावर न वाचता येणाऱ्या सेक्टरची मर्यादा दिलेली असते: १०० लाख कोटी बिट वाचले तर फार तर एक चूक. माझ्या जुन्या रेड-५ मध्ये एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागणार होत्या. तीन गुणिले चार, बारा टीबी, म्हणजे ९६ लाख कोटी बिट. कागदावरच्या मर्यादेच्या अगदी काठावर. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, दरमहा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून केलेली तपासणी, चालवणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पण एक पॅरिटी खर्ची पडल्यावर पुढच्या चुकीला दुसरा आधार नसतो. ८ टीबीच्या डिस्कना एक पॅरिटी मला पटत नाही. नवी पेटी दोन पॅरिटीची, यावर पहिल्याच दिवशी शिक्कामोर्तब झालं.

जून, दुसरा आठवडा

म्हापशाचा मित्र येऊन गेला. तो लग्नांचे व्हिडिओ थेट नेटवर्कवरून एडिट करतो आणि त्याच्याकडे सगळे मिरर, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या जोड्या, आहेत. "अरे, दोन-दोनच्या जोड्या लाव नि मोकळा हो. कशाला एवढी गणितं?"

त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. मी वापरणार आहे त्या झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत गट म्हणजे व्हीडेव्ह, आणि पूल सगळ्या गटांवर लेखन वाटून टाकतो. रेड-झेडचा (झेडएफएसच्या पॅरिटीवाल्या मांडणीचा) एक गट विखुरलेल्या वाचनात साधारण एका डिस्कइतकाच वेग देतो, गटात चार डिस्क असोत की बारा. त्यामुळे सहा जोड्या म्हणजे सहा गट, आणि त्याच्या टाइमलाइनवर इकडून तिकडे उड्या मारताना ते लगेच जाणवतं. माझं काम तसं नाही. एक लांबलचक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची किंवा लिहायची, तीही गिगाबिट वायरीवरून. ती वायर सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास भरून जाते. सहा डिस्कचा गट ओळीने वाचताना त्याहून कितीतरी जास्त देतो, मग वेगासाठी जोड्या लावून मला काहीच मिळणार नाही.

शिवाय जोडीतली एक डिस्क गेली की तिच्या जोडीदारावर सगळा भार येतो. बारा डिस्कच्या सहा जोड्यांत पहिली गेल्यावर दुसरी नेमकी तिचीच जोडीदार असण्याची शक्यता अकरात एक. आणि एक गट गेला की अख्खा पूल जातो, हे झेडएफएसवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं वाक्य आहे.

उरले तीन पर्याय. बाराचा एकच गट, दोन पॅरिटी. बाराचा एकच गट, तीन पॅरिटी. किंवा सहा-सहाचे दोन गट, प्रत्येकी दोन पॅरिटी. ८ टीबीच्या डिस्क धरल्या तर वापरायला जागा अनुक्रमे ८०, ७२ आणि ६४ टीबी.

या तिघांवर मी तीन रात्री घालवल्या.

बारातल्या कुठल्याही तीन डिस्क निवडायचे २२० प्रकार होतात. सहा-सहाच्या मांडणीत तिन्ही एकाच गटातल्या असण्याचे प्रकार ४०. म्हणजे तीन डिस्क एकत्र गेल्या तरी १०० पैकी साधारण ८२ वेळा पूल शाबूत. बाराच्या दोन-पॅरिटी गटात तिसरी डिस्क गेली की शंभरातल्या शंभर वेळा सगळं संपलं. तीन-पॅरिटीच्या गटात मात्र कुठल्याही तीन गेल्या तरी चालतं, वर जागाही ८ टीबी जास्त. कागदावर तिसरा पर्याय दुसऱ्यापुढे हरतो, हे मी मान्य करतो.

तरीही मी सहा-सहाच धरलं. कारण बाराच्या गटाला बारा डिस्क लागतात, आणि माझ्याकडे पैसे सहांचे आहेत. डिस्कची संख्या तीच ठेवून गटाची जागा वाढवायची तर गटातली प्रत्येक डिस्क मोठी करावी लागते. पाच वर्षांनी १६ टीबीच्या डिस्क घ्यायच्या झाल्या तर सहा घेणं माझ्या हातातलं आहे, बारा नाही. ही गोष्ट मला वाटतं आपल्यासारख्या घरी बांधणाऱ्यांनी सगळ्यात आधी विचारात घ्यावी: एका खेपेला मी किती डिस्क विकत घेऊ शकतो? तोच गटाचा आकार. वेग आणि टक्केवारी त्यानंतर. झेडएफएसच्या मॅन पेजमध्येही (सोबत येणाऱ्या माहितीपानात) रेड-झेड गटासाठी ३ ते ९ डिस्कची शिफारस आहे, सहा त्यात अगदी मधोमध बसतात.

"मग आत्ता सहाचा गट कर आणि पुढे त्यालाच वाढवत ने ना," मित्राने फोनवर विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ या झेडएफएसच्या आवृत्तीपासून रेड-झेड गटात एकेक डिस्क वाढवता येते, आणि ज्याला एका वेळी एकच डिस्क परवडते त्याच्यासाठी ही फार मोठी सोय झाली आहे. पण वाढवल्यावर पॅरिटी दोनच राहते. आधी लिहिलेला डेटाही जुन्याच प्रमाणात पडून राहतो, पुन्हा लिहीपर्यंत त्याची जागा सुटत नाही. सहावरून आठ केले असते. बारा नाही.

जून, तिसरा आठवडा

ज्यांना रेड-झेडचं पोट बघायचं आहे त्यांच्यासाठी हा भाग. मला यात फार आनंद मिळाला.

रुंद गट म्हणजे जागेची बचत, हे नेहमी खरं नसतं. झेडएफएस डेटा रेकॉर्डमध्ये लिहितं, मूळ सेटिंगमध्ये १२८ केबीचा रेकॉर्ड. ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर त्याचे ३२ तुकडे होतात. सहाच्या झेड-२ (दोन पॅरिटीच्या रेड-झेड) गटात एका ओळीत चार तुकडे डेटा आणि दोन पॅरिटी, आठ ओळी, एकूण ४८. कुठेही काही उरत नाही, ६६.७ टक्के जागा कामी येते.

आता बाराचा झेड-२. ओळीत दहा तुकडे डेटा. ३२ तुकड्यांना तीन ओळी पुऱ्या भरतात आणि दोन तुकडे उरतात. त्या दोघांच्या चौथ्या ओळीलाही दोन पॅरिटी द्यावी लागतेच. ३२ अधिक ८ झाले ४०. त्यात झेड-२ मध्ये जागा तीनच्या पटीत वाटली जाते, म्हणून ४२. जमाखर्च ७६ टक्क्यांचा, आपण मात्र ८३ धरून बसलेलो असतो. दहाच्या गटालाही हेच ४२ लागतात, म्हणजे दहाचे बारा करून टक्केवारी जराही सुधारत नाही.

रेकॉर्ड १ एमबीचा केला की चित्र पालटतं. २५६ तुकडे, बाराच्या गटात २६ ओळी, ५२ पॅरिटी, ३०८, तीनच्या पटीत ३०९. जवळजवळ ८३ टक्के. सहाचा गट ६६.७ वरच राहतो. माझ्या ध्वनिमुद्रणांच्या डेटासेटला (पूलमधल्या स्वतंत्र सेटिंगच्या विभागाला) मी रेकॉर्ड १ एमबीच ठेवणार आहे, आणि पत्रिका, हस्तलिखित संहितांची स्कॅन वेगळ्या डेटासेटमध्ये. ज्यांच्या रुंद गटात हिशेबापेक्षा कमी जागा दिसते त्यांनी आधी हा आकडा तपासावा.

जुलै

तीन डिस्क पणजीतून घेतल्या, तीन बेळगावहून येताना. मुद्दाम दोन दुकानांतून. एकाच खोक्यातल्या सहा डिस्क एकाच दिवशी जन्मलेल्या असतात, आणि एका गटात तशी सख्खी भावंडं मला नकोत. घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून त्या एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, नाहीत याची खात्री केली. रिबिल्डच्या वेळी सलग लेखन सुरू झालं की एसएमआर डिस्कचा वेग कोसळतो, आणि जो वेळ सगळ्यात कमी हवा तोच लांबतो.

सहाही डिस्कवर बॅडब्लॉक्स हे खराब जागा शोधायचं साधन चालवलं. चार नमुने, प्रत्येकी एकदा लिहायचं आणि एकदा वाचायचं, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. चार दिवस आणि काही तास लागले. एवढ्या मोठ्या डिस्कना ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो, नाहीतर तो चालायलाच तयार होत नाही. एका डिस्कने तिसऱ्या दिवशी खराब सेक्टरऐवजी राखीव सेक्टर वापरायला सुरुवात केली, ती बदलून घेतली. पूल करण्याआधी हे कळलं याचं मला फार समाधान आहे.

मग वायरिंग. पॉवर सप्लायमधून डिस्कना तीन केबल जातात. एका केबलवर एका गटातल्या दोनच डिस्क, हा नियम केला. सहाच्या झेड-२ ला हे नेमकं जुळतं: एखादं कनेक्टर सैल झालं किंवा गंजलं तरी गटातल्या दोनच डिस्क जातील, आणि दोन गेल्या तरी गट उभा राहतो. दुसरा गट आला की त्याच्याही दोन-दोन त्याच केबलींवर. पावसाळ्यात आमच्या खोलीत हवा किती ओली असते ते कोकण-गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. प्रत्येक ट्रेवर सिरियल क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि पूल तयार करताना डिस्कची नावं बाय-आयडी मार्गाने, म्हणजे सिरियल क्रमांकासकट, दिली, म्हणजे कुठली डिस्क बाहेर ओढायची याचा अंदाज बांधावा लागत नाही.

सुरू होताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेते. बारा डिस्क एकदम फिरायला लागल्या तर २४ अँपिअर, जवळजवळ २९० वॅट, नुसत्या डिस्कचे. पॉवर सप्लाय तो हिशेब धरून घेतला. वीज परत आली की घरातला फ्रिज, विहिरीचा पंप सगळे एकदम उठतात, म्हणून पेटी दहा मिनिटं थांबून सुरू होते.

ऑगस्ट

जुना सगळा डेटा, ११ टीबी, नव्या गटावर आला. सहा डिस्क, चार डेटाच्या, म्हणजे ३२ टीबी. पडद्यावर तेच १०२४ च्या पटीत मोजून २९ टेबीबाइट दिसतात.

मग तो प्रयोग केला, ज्याच्यासाठी एवढी खटपट. सगळ्याची प्रत दुसरीकडे आहे याची खात्री करून एक डिस्क ओढून काढली, पुसली, आणि नवी समजून परत लावली. झेडएफएस फक्त भरलेला भाग बांधतं. प्रत्येक डिस्कवर पावणेतीन टीबी होते, रेसिल्व्हर, म्हणजे झेडएफएसचा रिबिल्ड, साडेपाच तासांत झाला. मधे दोन तासांनी वीज गेली. यूपीएसने दिलेल्या वेळात पेटी नीट बंद झाली, परत सुरू झाल्यावर रेसिल्व्हर होता तिथून पुढे गेला. त्या सगळ्या वेळात गटाकडे अजून एक पॅरिटी शिल्लक होती. जुन्या पेटीच्या त्या ७१ टक्क्यांच्या रात्री मी स्टूलवर बसून आकडा वाढताना बघत होतो. या वेळी जेवून झोपलो.

नाटकांच्या मूळ फाइल्सची वेगळी प्रत एका ८ टीबी डिस्कवर, पेडण्याला काकांच्या घरी. गट कितीही चांगला पाडला तरी चुकून पुसलेली फाइल तो परत देत नाही.

सप्टेंबर, चवथीनंतर

उरलेले सहा कप्पे रिकामे आहेत. पहिला गट ७० टक्क्यांपर्यंत गेला की दुसरा घेणार. तो जोडल्यावर जुना डेटा आपोआप तिकडे सरकत नाही, नवं लेखन तेवढं रिकाम्या गटाकडे जास्त जातं, त्यामुळे काही दिवस पूल एका बाजूला कलता राहील. ते चालेल.

चवथीला काका आले होते. पेडण्याच्या दशावताराच्या अठ्ठावीस कॅसेट त्यांनी एका डब्यात आणल्या, तांदळात पुरून ठेवलेल्या. दोन ठिकाणी बुरशीचा ठिपका आहे, फीत मात्र अजून मोकळी फिरते. उद्यापासून त्या उतरवायला घेतोय, ठिपकेवाल्या आधी.